पडावाची दुरुस्ती

किशोरीने पिशवीतून सुजितचा लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला आणि वायरची गाठ सोडवत म्हणाली,

“पासवर्ड मीच टाकते.”

परेशने तिला जागा करून दिली. तिने उभ्याउभ्याच सात-आठ अक्षरं दाबली. स्क्रीन उजळली तसा परेश खिडकीबाहेर बघू लागला. खाली दिघीच्या जेट्टीला दुपारची फेरीबोट लागली होती. आगरदांड्याहून आलेल्या मोटरसायकली एकामागून एक चढाला लागत होत्या. एखादीचा आवाज दाराजवळ आला की त्याचे खांदे आखडत, पुढे निघून गेला की सैल पडत. दोन वर्षं हे असंच चाललं होतं. दाराकडे पाठ करून बसणं तर त्याने सोडूनच दिलं होतं.

“बसा भावजी,” किशोरी शेजारच्या खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाली. “मला त्यातलं थोडंच कळतं. कॉम्प्युटरचा क्लास लावून सहाच महिने झालेत.”

आतून परेशची आई, आवडाबाई, पाण्याचा तांब्या घेऊन आली. किशोरीच्या हातावर हात ठेवून क्षणभर थांबली.

“जेवून जायचं हाय तुला. न्हाय म्हणू नको.”

किशोरीने मान हलवली. आवडाबाई आत गेली.

सुजित म्हणजे किशोरीचा नवरा, आणि परेशचा कॉलेजपासूनचा मित्र. दोघांनी मिळून एक प्रोग्रॅम लिहिला होता. कोड लिहायच्या एडिटरला जी छोटी छोटी प्लगइन्स, म्हणजे जादा सोयी, लागतात, ती नेटवरून उतरवून घ्यायची, जिथल्या तिथे बसवायची, नको झाली की काढून टाकायची, एवढंच त्याचं काम. प्लगइन मॅनेजर म्हणतात त्याला. सुजितने त्याचं नाव ठेवलं होतं ‘पडाव’. माल या काठावरून त्या काठावर नेतो तो पडाव. हळूहळू कुठली कुठली माणसं तो वापरू लागली. मग दोन वर्षांपूर्वी एका रविवारी आगरदांड्याच्या उतारावर सुजितची गाडी घसरून तो गेला, आणि तेव्हापासून पडावाला कुणी हात लावला नव्हता. परेशने तर नाहीच.

“नेटवर त्याचं पान उघडलं ना, की वर त्याचं नाव येतं,” किशोरी म्हणाली. “आणि नावाशेजारी लाल खूण. बिल्ड फुटलाय, म्हणजे सगळं जोडून प्रोग्रॅम तयारच होत नाही म्हणून. क्लासमधल्या मुलींना दाखवायला गेले, तर त्यांना आधी तीच दिसली. तेवढी घालवून द्या.”

“जुना फोल्डर असेल यात. पण आधी नेटवर आहे तेच नव्याने उतरवू. लोकांना तेच मिळतं.”

काळ्या खिडकीत त्याने आज्ञा टाइप केली. फायली उतरू लागल्या. मग लागणारं बाकीचं सामान बसवायला घेतलं. ओळी सरसर वर सरकत होत्या. मध्येच एक फाइल उघडावी लागली, तर तिच्या माथ्यावर सुजितची टीप होती: ‘परेश, इथे आला आहेस म्हणजे काहीतरी मोडलं आहेस.’ परेशने लगेच फाइल मिटली. किशोरीने टीप वाचली होती.

बिल्ड सुरू झाला. मिनिटभर पंख्याचा घरघराट, मग लाल अक्षरांची भिंत उभी राहिली. परेशने दुसरी फाइल उघडली, दोनशे चौदाव्या ओळीवर गेला आणि तिथे थांबला.

“भावजी.”

“हं?”

“एरर तुम्ही वाचलाच नाहीत.”

त्याचा हात तसाच राहिला. किशोरीचं लक्ष स्क्रीनवर नव्हतं, त्याच्याकडे होतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तिने त्याला विचारलं होतं, सुजित तुमच्याकडे कशाला येत होता? आणि तो म्हणाला होता, माहीत नाही, वहिनी. पुढे दिवसकार्याला तेच, वर्षश्राद्धाला तेच. एकदा तोंडातून गेलेलं मग वाढतच गेलं.

“त्या रविवारी हाच एरर होता,” तो म्हणाला. “फोल्डरचं नाव मराठीत असलं तर चालतंय का, याची चाचणी मी सकाळी जोडली, आणि बिल्ड फुटला. मला सुटेना. दोन वाजता मी त्याला फोन केला. म्हटलं, ये. रविवार आहे, आत्ताच ये.”

“माहीत आहे मला.”

परेशने वर पाहिलं.

“फोन नंतर माझ्याच हातात आला होता ना. शेवटचा कॉल तुमचा.” तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “तुम्ही कधी सांगाल याची मी वाट बघत होते. भांडायला नाही. मला दुसरंच विचारायचं होतं.”

जेट्टीवर बोटीचा भोंगा वाजला. तो थांबल्यावर ती पुढे बोलली.

“सकाळी आमचं वाजलं होतं. मी म्हटलं, सारखं परेश परेश, मग तिकडेच जाऊन राहा, मला तोंड दाखवू नकोस. तुमचा फोन आला, त्यानंतर दीड तास तो याच मशीनसमोर बसला होता. साडेतीनला उठला आणि न बोलता गेला.” तिचा आवाज सपाट होता, पाठ केल्यासारखा. “काम अडलं म्हणून गेला की माझ्या बोलण्यामुळे गेला, तेवढंच मला पाहिजे. यात कळतं ना ते? कधी काय केलं, सगळी नोंद असते असं क्लासमध्ये सांगतात. मी उघडून बघितली. मला अजून वाचता येत नाही.”

परेशने जुना फोल्डर उघडला. नोंदींची यादी मागवली.

सगळ्यात वरची नोंद त्याच रविवारची होती. तीन वाजून अठरा मिनिटं. नेटवर कधीच न चढवलेली. त्याने ती उलगडली. मराठीचं एकेक अक्षर तीन-तीन बाइटचं, आणि नावाची लांबी बाइटमध्ये मोजली जात होती, ती सुजितने अक्षरांत मोजायला लावली होती. दोन ओळींची दुरुस्ती. शेजारी एकच शब्द लिहिला होता: ‘झालं’.

म्हणजे घरी बसूनच झालं होतं. बटण दाबलं असतं तर इथे पोचलं असतं. फोनवरही सांगता आलं असतं. माझ्या कामासाठी तो निघालाच नव्हता. परेशच्या छातीवरून काहीतरी उतरलं, आणि उतरलेलं कुठे जाऊन बसेल हेही त्याला त्याच क्षणी दिसलं.

“काय आहे?” किशोरीने विचारलं.

“अडलंच होतं,” परेश म्हणाला. “खूप प्रयत्न केलेला दिसतोय. सुटलं नाही त्याला. म्हणून निघाला, वहिनी. माझ्यामुळेच.”

किशोरी खुर्चीत मागे टेकली. आल्यापासून ती पहिल्यांदाच टेकली होती.

परेश नव्या फोल्डरमध्ये परत आला. सुजितच्या दोन ओळी त्याने जशाच्या तशा लिहिल्या आणि नोंदीखाली स्वतःचं नाव घातलं. ते लिहिताना त्याची बोटं दोनदा चुकली. बिल्ड पुन्हा चालवला. या वेळी लाल काही आलं नाही. ओळी थांबल्या आणि शेवटी, सुजितने कधीतरी मौजेने घालून ठेवलेला निरोप उमटला: ‘पोचलो.’

“हे वाचता येतं मला,” किशोरी हळूच म्हणाली.

आवडाबाईने आतून हाक मारली. किशोरी डोळे पुसून उठली आणि पानं घ्यायला स्वयंपाकघरात गेली.

परेश एकटाच राहिला. जुन्या फोल्डरमधली ती नोंद अजून उघडीच होती. पुसून टाकायला एक ओळ पुरे झाली असती. ती त्याने टाइपही केली. आत आवडाबाई कालवणात मीठ बेताचं आहे का ते किशोरीला चाखायला सांगत होती, आणि किशोरी काहीतरी म्हणाली त्यावर दोघी हसल्या. त्याने टाइप केलेलं एकेक अक्षर मागे घेतलं.

जेवण झाल्यावर ती निघाली.

“लॅपटॉप राहू दे का तुमच्याकडे?” तिने उंबऱ्यात विचारलं. “की नेऊ? क्लासला हाच वापरीन म्हणते. सरावाने येईल हळूहळू वाचायला.”

परेशने वायर गुंडाळली, पिशवीत नीट ठेवली आणि पिशवी तिच्या हातात दिली.

“न्या,” तो म्हणाला. “येईल तुम्हाला.”