सीटखालचा कार्बोरेटर

मी एक जुना कार्बोरेटर आहे. मित्रांनो, एवढं वाचून तुमच्यातले निम्मे पान उलटतील, हे मला ठाऊक आहे. उलटा. पण आयुष्यभर गाडीत बसून ती चालते कशी, हे ज्यांनी कधी विचारलं नाही, त्यांनीच खरं तर थांबायला हवं.

माझं काम साधं होतं. इंजिनाला नुसतं पेट्रोल पाजलं तर ते गुदमरतं. म्हणून थेंबभर पेट्रोल आणि पोटभर हवा मी एकत्र घुसळायचो आणि ते मिश्रण इंजिनाला श्वासासारखं द्यायचो. माझ्या पोटात अगदी बारीक भोकाची एक पितळी नळी होती. तिला जेट म्हणतात. सगळं पेट्रोल त्या भोकातून यायचं.

सातासमुद्रापार एका कारखान्यात मला ओतलं आणि लढाईसाठी बांधलेल्या एका जीपवर बसवलं. अठ्ठेचाळीस साली पलटणीबरोबर ती जीप निजामाच्या मुलखात आली. निजामी गेली, पलटण गेली, जीप राहिली. जिंतूरच्या दिनकररावांची कापसाची जिनिंग होती. त्यांनी ती लिलावात घेतली आणि सटवाजीच्या हाती दिली.

सटवाजी आधी त्यांचा टांगा हाकायचा. जीपशीही तो घोड्यासारखंच बोलायचा. कापसाच्या दिवसांत रस्ते धुळीनं भरून जात आणि माझ्या जेटमध्ये कचरा अडकत असे. मग सटवाजी वाटेत दिसेल त्या बैलाच्या शेपटीचा एक केस उपटून घ्यायचा, थुंकी लावून सरळ करायचा आणि माझ्या भोकातून अलगद ओढायचा. बैलवाला ओरडला तर म्हणायचा, "एक केसच घेतला की बाबा, बैल न्हाई नेला." मला म्हणायचा, "थांब जरा, नाक शिंकरायलोय तुझं." त्यानं मला कधी तार लावली नाही. असा हात मला पुन्हा मिळाला नाही.

छप्पन साली आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या दुसऱ्या वर्षी दिनकररावांनी ठरवलं, की जीपचं पेट्रोलचं इंजिन काढायचं आणि डिझेलचं बसवायचं. डिझेलच्या इंजिनाला कार्बोरेटर लागत नाही. एक पंप जोरानं डिझेल ढकलतो आणि नोझल नावाची छोटी तोटी त्याचा फवारा थेट इंजिनाच्या पोटात मारते. म्हणजे मी नको झालो.

हे काम परभणीच्या बन्सीधर मिस्त्रीनं केलं, तेही ताडपत्रीच्या आड. ही तेव्हाच्या मिस्त्रींची रीतच होती. आपलं काम दुसऱ्याच्या डोळ्याला पडू द्यायचं नाही. सटवाजीनं ताडपत्रीचं टोक उचललं, तर बन्सीधर म्हणाला, "काय बघायलास? जा, भिताडाला टेकून बस."

"माझी गाडी हाय, उस्ताद."

"गाडी मालकाची. हुन्नर माझा."

चौथ्या दिवशी त्यानं मला सटवाजीच्या हातात कोंबलं. "घे. भाकरी झाकल्यावर वर ठिवायला चांगलाय."

सटवाजी हसला नाही. त्यानं मला फडक्यात गुंडाळलं आणि सीटखालच्या पेटीत ठेवलं.

मित्रांनो, माणूस गाव सोडून गेला की त्याला गावाची आठवण येते. मी तर गावातच होतो. त्याच जीपमध्ये, तिच्या इंजिनापासून हातभर लांब. ती सुरू झाली की माझा कण न् कण थरथरायचा. चढावर तिला धाप लागली की मला वाटायचं, आता मला हाक येईल, आता दोन घोट जास्त द्यावे लागतील. हाक यायची नाही. माझ्या कोरड्या तोंडावर पेट्रोलचा वास उरला होता, तोही दिवसेंदिवस उडत होता.

त्या हंगामात जीप काळा धूर टाकू लागली. सटवाजीला वाटलं, कचरा असेल. त्यानं नोझल उघडलं. त्याच्या भोकांवर काजळी घट्ट बसली होती. बैलाचा केस वाकला, आत जाईना. मग त्यानं तारेच्या ब्रशातली एक पोलादी तार काढली आणि जोर लावून खरवडलं. भोकं रुंदावली. फवारा गेला, डिझेल नुसतं ठिबकू लागलं. इंजिन घण मारल्यासारखं ठोकू लागलं. नोझलला तार लावायची नसते, हे सीटखाली मलाही माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं, त्यानं ताडपत्री लावली होती.

दिनकरराव म्हणाले, "सटवाजी, तुझा हात टांग्याचाच. गाडी बन्सीधरकडं टाकून ये. नीट झाली की दुसरा ड्रायव्हर जाईल आणायला."

सकाळी निघताना तो मला घरी ठेवायला गेला. त्याची बायको धुरपताबाई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती.

"ह्ये लोखंड कशाला आणलं घरात?"

"आठवण म्हणून."

"आठवण भाजून खायची का? त्या मिस्त्रीपाशी जावा. शिकून घ्या."

"आता या वयात त्याचे पाने-पकडी पुसू?"

"इतकी वर्सं जिपड्याची चाकं पुसली. पान्यानं काय घोडं मारलंय?"

 सटवाजीनं मला उचलून पुन्हा जीपच्या पेटीत टाकलं.

सटवाजीनं शिकवायला विनवलं, पण बन्सीधर आधी ऐकेना. "म्या उस्तादाचा मार खाऊन शिकलोय. तुला फुकट दावू व्हय?" मग उघड्या पेटीत त्याची नजर माझ्यावर पडली. गंगाखेडच्या एका डॉक्टरची पेट्रोलची जीप जेटवाचून त्याच्या दारात उभी होती. "ह्याच्यातलं जेट दी," तो म्हणाला, "अन ये आत."

सटवाजीनं मला हातात धरलं. बराच वेळ धरलं. मग स्वतःच पाना घेऊन त्यानं माझं जेट काढलं. दुसऱ्या कुणाला काढू दिलं नाही. मला दुखलं का, असं विचारू नका. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. पण सटवाजीवर नाही, त्या ताडपत्रीवर.

नवी नोझलं हैदराबादहून येईपर्यंत तो तिथंच राहिला. पाने पुसले, इंजिनं धुतली, शिव्या खाल्ल्या आणि ताडपत्रीच्या आत बसून पंप उघडायला शिकला. दिनकरराव दुसरा ड्रायव्हर घेऊन आले, तेव्हा बन्सीधर म्हणाला, "मालक, ह्यालाच ऱ्हाऊ द्या. आता म्या स्वतः हात लावू दिलाय ह्याला."

दिनकररावांनी सटवाजीच्या काळ्या नखांकडं पाहिलं. "बस गाडीत," ते म्हणाले.

जेट काढलेला मी बन्सीधरच्या खिडकीत पडून होतो. जीप सुरू झाली. तिचा नवा आवाज मला आवडला नाही, आजही आवडत नाही. पण गिअर पडला तो सटवाजीच्या हातानं, हे मी ओळखलं. तो आवाज जिंतूरच्या रस्त्याला लागेपर्यंत मी ऐकत होतो.

मित्रांनो, यंत्रं बदलतील, बदलू द्या. पण यंत्र बदलताना त्याच्या माणसाला भिंतीला टेकवून बसवू नका. तुम्हाला जे येतं ते त्याला दाखवा. नाहीतर तो चुकेल, आणि चुकला म्हणून तुम्हीच त्याला हाकलाल.

आणि भंगारात माझ्यासारखा कुणी दिसला, तर लगेच फेकू नका. एकदा तोंडाला लावून फुंका. माझ्यातून हवा अजून आरपार जाते.