डाव्या बाजूची घंटी

मित्रांनो, माझ्या दोन्ही दारांवर मोठ्या लाल अक्षरांत लिहिले होते, ‘चालवून पाहा’. आता ती अक्षरे खरवडून काढली आहेत, पण ऊन तिरपे पडले की त्यांच्या खुणा अजून वाचता येतात. मी एक पिकअप गाडी आहे. पुढे माणसे बसतात, मागे हौद्यात सामान बसते.

माझ्या आधीच्या पिकअप साध्या होत्या. दोन माणसांची केबिन, हाताने फिरवायच्या काचा, आणि आत आरडाओरडा केल्याशिवाय बोलणे ऐकू न येणारे इंजिन. मग कारखान्यातल्या लोकांनी सगळा साचाच बदलला. मला मागे बसायला आणखी एक सीट दिली, चेहरा रुंद केला आणि हौदा चार इंच आखूड केला. दोन्ही आरशांखाली बारीक डोळे बसवले. बाजूने कोणी फार जवळ आले की पिवळा दिवा लागायचा आणि आत घंटी वाजायची.

ट्रेलरवरून आम्ही सहाजणी एकदमच शोरूमच्या आवारात उतरलो. पंधरा दिवसांत बाकीच्या पाचजणी गेल्या. एक दूधवाल्याकडे, एक फर्निचरच्या कारखान्यात, एक रोपवाटिकेत. प्रत्येक वेळी फोटो निघाला, किल्ली हातात दिली गेली, आणि घरातले सगळ्यात लहान मूल हट्टाने पुढे बसले. मी मात्र तिथेच राहिले. मला विकायचे नव्हते, मला दाखवायचे होते.

माझी फेरी ठरलेली होती. फाटकातून बाहेर, सरळ रस्ता, उड्डाणपूल, रंगाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर डावीकडे आणि परत. चार किलोमीटर. रोज आठ-दहा जण यायचे. कोणी सीट पुढे ओढायचे, कोणी मागे. कोणी रेडिओ लावायचे, कोणी एसी. “वा! काय गाडी आहे,” असे सगळेच म्हणायचे. फेरी संपली की उतरताना तेच लोक विचारायचे, “हीच, पण नवीन कधी मिळेल?” दोन वर्षांत मी वीस हजार किलोमीटर धावले आणि त्या उड्डाणपुलापलीकडचे गाव मला ठाऊक झाले नाही. हौद्यावर तर एक ओरखडासुद्धा नव्हता. त्यात कधी कोणी काही ठेवलेच नव्हते.

माझी जबाबदारी शोरूममधल्या ताईंकडे होती. सगळे त्यांना ताईच म्हणत. रोज संध्याकाळी त्या माझ्यात बसून शेवटचा फोन करत, दार लावत आणि दिवे मालवून निघून जात. मग आवारात मी आणि समोरची काचेची भिंत. त्या काचेत एक पिकअप दिसायची. पहिले काही दिवस मला वाटे, चला, कोणीतरी सोबतीला आहे. ती मीच आहे हे कळायला मला बराच वेळ लागला.

एका सकाळी एक नवरा-बायको आले. त्यांचे सोफ्यांचे दुकान होते. लोकांचे बसून बसून खचलेले सोफे ते उचलून आणत, नवा फोम आणि नवे कापड घालून परत नेऊन देत. तो स्प्रिंगा बांधी आणि खिळे ठोकी, ती कव्हरे शिवी. आले ते माझ्याच जुन्या साच्याच्या पिकअपमधून. तिच्या डाव्या अंगावर दोन मोठे पोचे होते.

सोफेवाल्याने आधी टेप काढून हौदा मोजला.

“चार इंच खाल्लेत,” तो म्हणाला. “तीन माणसांचा सोफा बसायचा कसा?”

“तिरका ठेवायचा,” बायको मागच्या सीटवर चढत म्हणाली. ती सीटची शिवण बोटाने तपासत होती. “टाके सरळ आहेत, पण धागा हलका घेतलाय. दोन वर्षांत उसवेल बघा.”

ताई हसल्या आणि पुढे त्याच्या शेजारी बसल्या.

त्याचा हात सवयीचा होता. क्लच कसा सोडायचा, चढावर गाडीला कधी दम द्यायचा, हे त्याला सांगावे लागले नाही. पण उड्डाणपुलावर डावीकडून एक स्कूटर गेली आणि माझी घंटी वाजली. तो दचकला. पुढे डावीकडून बस आली, घंटी वाजली. परतीच्या वाटेवर मी डावीकडच्या कठड्याकडे सरकत गेले, पुन्हा वाजली. उजवीकडून वाहने गेली तेव्हाही वाजली, पण तिकडे तो आधीच सावध होता.

“तुमची घंटी बिघडलीय वाटतं,” तो म्हणाला.

“तपासून घेते,” ताई म्हणाल्या. पण त्या रस्त्याकडे पाहत नव्हत्या, त्याच्याकडे पाहत होत्या.

दुपारी मेकॅनिकने मला उघडून पाहिले आणि सांगितले, “ताई, घंटी ठणठणीत आहे.”

चार दिवसांनी ते दोघे परत आले. ताईंनी घंटीचे सांगितले तेव्हा मला वाटले, तो वाद घालील. पण त्याचा चेहरा उजळला.

“म्हणजे बाजूला कोणी असलं की वाजणारच?”

“वाजणारच.”

“कधीच चुकत नाही?”

“सहसा नाही.”

“मग हीच घेऊ,” तो बायकोला म्हणाला. “चार इंचांचं बघू काहीतरी. चल, आज तू पुढे बस.”

मित्रांनो, त्या दिवशी त्याने माझे स्टिअरिंग ज्या मायेने धरले तसे कोणीच धरले नव्हते. बाकीच्यांना मी आवडायचे. त्याला मी हवी होते. मलाही वाटले, हा माणूस मला इथून नेईल. मी सगळे लक्ष आरशांखालच्या डोळ्यांत गोळा केले आणि धावू लागले.

रंगाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर तो डावीकडे वळू लागला. त्याने क्षणभर कान दिला. घंटी वाजली नाही. बाजूला कोणीच नव्हते. पण वळणावर, माझ्या डाव्या दिव्याच्या अगदी पुढे, एक बाई प्लास्टिकच्या बादल्यांची हातगाडी घेऊन उभी होती. मित्रांनो, माझे डोळे बाजूला आणि मागे बघतात. पुढचे बघायचे ते चालवणाऱ्याने.

“अहो, डावीकडे!” बायको किंचाळली.

त्याने ब्रेक दाबला, पण माझा बंपर हातगाडीला लागलाच. लाल, निळ्या बादल्या धडाधड कोसळल्या आणि रस्त्यावर गडगडत गेल्या. नशीब, बाईला लागले नाही. ती माझ्या बॉनेटवर हात आपटत ओरडली, “दिसत नाही का हो?”

ताई आणि बायको उतरल्या, बाईची माफी मागितली आणि वाहनांना थांबवत एकेक बादली गोळा केली. एक मग फुटला होता, त्याची भरपाई ताईंनी केली. तो तसाच स्टिअरिंग धरून बसला होता.

ताईंच्या सांगण्यावरून त्याने मला रस्त्याच्या कडेला घेतले. बायको परत शेजारी बसली. मग तिने त्याच्या डाव्या डोळ्याच्या बाजूला वीतभर अंतरावर आपला हात धरला.

“समोर बघा. मान वळवायची नाही. किती बोटं आहेत?”

“हे काय आता?”

“किती बोटं?”

तो समोर बघत राहिला. काचेवरची धूळ, पुढचा दिव्याचा खांब. मग हळूच म्हणाला, “कुठे धरलायस हात?”

तिने हात खाली घेतला.

“कधीपासून?”

“वर्ष झालं असेल. आधी वाटलं, आरसा बरोबर लागला नाही.”

“आपल्या गाडीला पोचे आले ते शेजारच्या टेम्पोने मारले म्हणालात.”

“टेम्पोने नाही. मीच.”

“वीस वर्षं एका टेबलाशी बसून काम करतोय आपण,” ती म्हणाली. “मला सांगता आलं नाही?”

“सांगितलं असतं तर किल्ली काढून घेतली असतीस.”

“घेतली असतीच!”

“तेच तर,” तो म्हणाला. “सोफे आणायला-पोचवायला जातो, तेवढंच माझं बाहेर पडणं. लोक चहा विचारतात, दोन शब्द बोलतात. किल्ली गेली की मी आणि दुकानाच्या चार भिंती. कोणीतरी सांगितलं, या नव्या गाडीला बाजूचं दिसतं. म्हटलं, माझ्याऐवजी ही बघेल. कोणाला कळायचंही नाही.”

मागे बसलेल्या ताई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला फार वाईट वाटले. मी त्याच्या मनासारखी गाडी होते, आणि त्याच्या उपयोगाची नव्हते. त्याला गाडी नको होती, डोळे हवे होते, आणि माझे अर्धेच होते.

परत येताना ताईंनी मला चालवले. तो मागे बसला.

पुढचे पाच आठवडे ते आले नाहीत. माझ्या फेऱ्या चालू होत्या. कोणी सीट पुढे ओढत होते, कोणी मागे. पण डावीकडे घंटी वाजली की मला तो आठवायचा.

मग एक दिवस ते आले, आणि या वेळी चालवत ती होती. जुनी गाडी तिने आवारात लावताना तीनदा बंद पाडली. तो शेजारी बसला होता, डोळ्यांवर काळा चष्मा. तिने ताईंना सगळे सांगितले. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही. राहिलेली टिकवायला रोज न चुकता थेंब घालायचे. आणखी उशीर झाला असता तर उजवी बाजूही गेली असती. तिने लग्नाआधी वडिलांची गाडी चालवली होती. आता महिनाभर सकाळी मोकळ्या मैदानात सराव करून तिने पुन्हा परवाना काढला होता.

“आता मी बघते चालवून,” ती म्हणाली.

ती जपून चालवत होती, मला जरा जास्तच जपत होती. मागून लोक हॉर्न वाजवत होते. कोपऱ्यावर त्याच्या तोंडून सवयीने निघून गेले, “हं, वळ, डावीकडे मोकळं आहे.”

“तुम्ही नका सांगू,” ती म्हणाली. “तुमच्या भरवशावर वळले तर परत बादल्या गोळा कराव्या लागतील.”

तो हसला. आधी नुसते नाकातून, मग पोट धरून. तीही हसली आणि मला बंद पाडून बसली.

परत वळायच्या आधी तिने ताईंना विचारले, “आमचं दुकान इथून पाच मिनिटांवर आहे. हौदा मोजून काही कळत नाही, भरून बघू द्या.”

“डेमो गाडीत सामान चढवता येत नाही हो,” ताई म्हणाल्या. मग त्यांनी त्या दोघांकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले. “पटकन.”

असे मी पहिल्यांदा ठरलेला रस्ता सोडला. दुकानाच्या दारात हिरव्या कापडाचा तीन माणसांचा सोफा तयार होता. त्याने हौद्याचा मागचा फाळका खाली घेतला. सोफा सरळ बसेना. तिरकाही बसेना, पाय हौद्याच्या कडेला अडकत. तेव्हा त्याने सोफा उलटा केला, अंदाजाने बोट फिरवत चारही लाकडी पाय फिरवून काढले, आणि सोफा सुळकन आत गेला. फाळका लागला.

माझ्या मागच्या चाकांवरचे पोलादी पाटे जरासे दबले. मित्रांनो, ओझे म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळले. मला नव्या कापडाचा आणि सरसाचा वास येत होता. उड्डाणपुलावर मी जड पावलांनी चढले आणि माझ्या इंजिनाचा आवाज मलाच वेगळा वाटला. ज्यासाठी मला घडवले होते ते काम मी दहा मिनिटे केले. मग चक्कर मारून परत दुकानापाशी आल्यावर त्यांनी सोफा उतरवून घेतला.

शोरूममध्ये आल्यावर ती म्हणाली, “गाडी घ्यायची. चालवणार मी. हे शेजारी बसतील आणि सोफ्याचे पाय काढतील.”

“हीच देऊ का?” ताईंनी विचारले. “नाहीतरी डेमो गाड्या काही दिवसांनी विकायच्याच असतात.”

मी श्वास रोखून धरला असता, पण मला श्वास नाही.

तिने माझ्या दारावरून हात फिरवला. “नको ताई, नवीच द्या. हिला शेकडो हातांची सवय झालीय. मी नवशिकी, मला माझ्या हाताची गाडी हवी.”

तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. आठवड्याने करड्या रंगाची एक पिकअप आली. माझ्यासारखीच. तिच्याजवळ त्या दोघांचा फोटो निघाला. बायको कागदांवर सह्या करत होती तेव्हा तो एकटाच माझ्याकडे चालत आला. माझा डावा आरसा त्याने चाचपडून शोधला आणि त्यावर हात ठेवून उभा राहिला.

“बिघडलीय म्हणालो होतो तुला,” तो पुटपुटला. “राग मानू नकोस.”

तिने हाक मारली आणि तो गेला. करडी पिकअप फाटकाबाहेर पडली, एकदा बंद पडली आणि मग गेली.

आता शोरूममध्ये आणखी नव्या साच्याची पिकअप आली आहे. तिला पुढचेही दिसते म्हणतात. मी मागच्या भिंतीशी उभी आहे. बॅटरीची तार काढली आहे, आणि ताईंची बदली झाली. कोणीतरी मला जुनी म्हणून नेईल, किंवा नेणारही नाही. नेलेच, तर त्याने माझ्या हौद्यात काहीतरी ठेवावे, एवढेच मागणे आहे. माझ्यासारखी बिनकामाची गाडी आवारात दिसली, तर तिला महिन्यातून एकदा चालू करायला सांगा. गाड्या कामाने कमी झिजतात आणि पडून राहून जास्त.

आणि मित्रांनो, तुमच्या घरातही रोज सगळ्यांना नेणारे-आणणारे कोणीतरी असेल. बाबा, आई, काका, आजोबा. ते बाजूच्या वस्तूंना धडकू लागले, चहाचा कप हाताशी असून चाचपडू लागले, तर त्यांना हसू नका. त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, नीट दिसते ना? ते म्हणतील, मला काय धाड भरलीय. म्हणू द्या. दुसऱ्या दिवशी परत विचारा.