परकरातला योगीराज

बायांनो, घटकाभर दारात थांबा. पीठमीठ काही नको, नुसते कान द्या. मी येरमाळ्याकडच्या वाशीतल्या दैवशालाची जोगव्याची परडी. मधोमध उभी फुटले आहे, काठाचा वेतही सुटलाय. अशी परडी देव्हाऱ्यात ठेवत नाहीत. तेव्हा जे पाहिलं ते सांगून टाकते.

माझा जन्म येरमाळ्यातल्या एका बुरडाच्या अंगणात झाला. हिरव्या बांबूवर कोयता पडतो तेव्हा बांबू ओरडतो, माणसांना ती नुसती काडकाड ऐकू येते. कामट्या सोलताना बुरडीणबाईच्या अंगठ्यात कुसळ शिरलं आणि माझ्या पहिल्याच विणीला तिचं रक्त लागलं. "आईचं वाण हाय, चालायचंच," म्हणून तिनं अंगठा चोखला आणि विणत राहिली.

दैवशालानं मला घेतलं तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. दोन लेकरं पाळण्यातच गेलेली, तिसरं पोटात. येडेश्वरीच्या पायरीवर मला डोक्याला लावून ती म्हणाली, "आई, हे जगू दे. पाच वर्षं जावळ काढणार न्हाय, नाक टोचीन, पोरीगत वाढवीन. दर मंगळवारी-शुक्रवारी पाच घरी जोगवा मागीन."

मूल जगलं. मुलगा. नाव ठेवलं योगीराज. नाकात चमकी, दोन वेण्या, अंगात परकर-पोलकं. नजर लावणाऱ्याला वाटावं पोरगीच आहे, आणि त्यानं पुढं जावं. शुक्रवारी दैवशाला मला घेऊन निघाली की तो परकर सावरत मागं यायचा आणि तिच्याआधी "उदो उदो" ओरडायचा.

त्याचा बाप रामकिसन ट्रॅक्टर चालवायचा. पारावरची माणसं त्याला छेडायची, "काय रामकिसन, पोरगी लई देखणी हाय रं तुझी! स्थळ बघू का?" तो हसायचा. घरी येऊन ताट भिरकवायचा.

२००३ सालची चैत्री जत्रा. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगर उतरून आमराईकडं निघते, आणि वाटेतल्या रानात माणसं वाकून चुन्याचे खडे वेचतात. किती माणसं म्हणाल, तर माती दिसत नाही. दैवशालानं योगीराजचं बोट सोडलं ते पाच खडे वेचण्यापुरतं. पाचवा खडा माझ्यात टाकला आणि वळली. पोर नव्हतं.

दैवशालाची वाचाच बसली; मला तिथंच टाकून ती एकीकडं धावली, रामकिसन मंडपाकडं. माईकवर आवाज घुमला, "चार वर्षांचा मुलगा हरवला आहे हो. नाव योगीराज. अंगात शर्ट-चड्डी."

शर्ट-चड्डी! मी ऐकलं, पण टोपलीला कुठला आवाज. परकर आणि वेण्या सांगायची रामकिसनला लाज वाटली होती. लाखभर लोकांत आणखी हसू नको, एवढाच त्याचा विचार. मग त्या रानात सगळे शर्टातला मुलगा शोधत राहिले, आणि रडणारी एक पोरगी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेली.

मग कुणीतरी म्हणालं, इथल्या फुगेवाल्यानं एका लेकराला पिपाणी दिली होती. फुगेवाल्याचं नाव मल्लेश. सीमेकडचा, विशीतला. मराठी बोलताना मधेच कानडी यायची. तेवढं पुरलं. पहिली लाथ रामकिसनची. मग जत्रेतल्या पाळण्याचे दांडे आले, चपला आल्या, एकानं हातातला चुन्याचा दगड त्याच्या तोंडावर मारला. मल्लेश हात जोडून म्हणत होता, "पोरगा न्हाय बघितला, एक पोरगी…" त्याच्या पुढचा शब्द दातांसकट बाहेर आला. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा दांडा. तो पडला तो माझ्यावर. माझा काठ पिचला आणि त्याच्या डोळ्यातून आलेलं रक्त माझ्या विणीत झिरपलं. पोलिसांनी ओढून काढला तेव्हा त्याचा गुडघा उलटा वळला होता. त्याच्याकडं काही सापडलं नाही, मग त्याला सोडून दिलं.

तो काय सांगत होता, हे कुणीच विचारलं नाही.

चार दिवसांनी दैवशालाची वाचा परत आली. तिनं परकर, वेण्या सगळं सांगितलं, पोलिसांच्या कागदावर नवी ओळही चढली. पण जत्रा कधीच पांगली होती.

पुढची एकोणीस वर्षं मी देव्हाऱ्यातून काय पाहिलं ते सगळं सांगत नाही. योगीराजचं नाव निघालं की रामकिसनचा हात उठायचा. एकदा तिचं डोकं त्यानं चुलीच्या कडेवर आपटलं. तिनं राख दाबली जखमेत, आणि शुक्रवार होता म्हणून पदर ओढून मला घेऊन जोगव्याला निघाली. नवस पाच वर्षांचा होता, ती सरल्यावरही तिनं जोगवा सोडला नाही. "पोर सापडेस्तोवर मागीन," एवढंच म्हणायची. बायांनो, माणसं नवसाला भाबडेपणा म्हणतात. ज्याला शोधायचीही बंदी आहे, त्यानं दुसरं काय धरावं?

तीन वर्षांमागं रामकिसन वारला. त्याच सुमारास शेजारी महेश्वरी राहायला आली. शिवणकाम करणारी, माहेर मुरूमच्या पलीकडचं, गळ्यात लिंग आणि जिभेला धार. यंदा कुठं दैवशालानं तिला सगळी हकिकत सांगितली, आणि ती ऐकून तिनं मशीन थांबवलं.

"अक्का, ज्याला मारला तो काय बोलत होता?"

"कुणाला ठावं?"

"मंग आधी त्याला गाठायचं. आन् ही परडी संगं घ्यायची. परडीवालीला कुठल्याबी घराची चौकट उघडी असती."

"तू परडीसंगं येशील? तू तर शिवाची."

"तू भवानीची, मी शिवाची. नवरा-बायकोच की ती. भांडलीत तर त्यांचं ती बघतील."

अशा निघाल्या दोघी. पोलीस नाहीत, वकील नाहीत. एक जोगवा मागणारी आणि एक झंपर शिवणारी. चार महिने बाजार पालथे घातले तेव्हा भूमच्या आठवडी बाजारात मल्लेश भेटला. एक डोळा पांढरा, कुबडी टेकून खेळणी विकत होता. मला बघून तो मागं सरकला.

"ती परडी लांब धरा, बाई. माझं डोस्कं तिच्यावरच पडलं हुतं."

दैवशालानं मला खाली ठेवलं आणि त्याच्या पायाशी वाकली. त्यानं कुबडीनंच तिला अडवलं. "पाया नका पडू. बावीस वर्सं वाट बघतोय, कुणीतरी इचारंल म्हणून. आता इचारा."

"काय बघितलं हुतं तुम्ही?"

"एक पोरगी, दोन येण्या. रडत हुती. एका बाईनं तिला उचललं, कानडीत म्हणली, 'अळबेडा'. रडू नको म्हणून. माझ्याकडनंच तिला पिपाणी घिऊन दिली. जीपमधनं तिच्या मालकानं हाक मारली, 'गंगम्मा, मुरूमची सवारी भरली, चल!' मला वाटलं मायलेकीच हाईत. पोरगा-पोरगा म्हणून मारत हुते मला, तवा ध्यानात आलं. तेच सांगत हुतो."

दैवशाला तिथंच धुळीत बसली. पदर तोंडात कोंबला होता, पण रडण्याचा आवाज येतच होता. तिचं पोर जिवंत असल्याची खबर त्या दिवशी त्या रानातच होती, दहा पावलांवर; आणि तिच्याच नवऱ्यानं ती लाथेनं आत ढकलली होती.

मग मुरूमच्या बाजूची गावं सुरू झाली. मंगळवार, शुक्रवार. त्या भागात दर चार घरांआड एक गंगम्मा. "अक्का, ह्या सगळ्या गंगम्मा एका जागी जमवल्या तर ग्रामपंचायत निवडून येईल," महेश्वरी म्हणायची. जोगवा घ्यायचा, पाणी मागायचं, मग हळूच विचारायचं, तुमचं लेकरू कधीचं, कुठल्या दवाखान्यातलं? अकरा गंगम्मा झाल्या. एका गावात, त्याचं नाव घेत नाही, एक दार मात्र उघडलं नाही. आतून कडी लागल्याचा आवाज आला. शेजारीण म्हणाली, "गंगम्माचंच घर. एक पोरगा हाय, शिवलिंग. मालक मेला तिचा. लई मारकुटा हुता."

पुढच्या मंगळवारी त्या पुन्हा गेल्या. इथंच दोघींची चूक झाली. दारोदार फिरून परक्या बाया लेकरांच्या चौकश्या करतात, हे गावोगाव पोचलं होतं. कुणीतरी चोरून त्यांचा फोटो काढून मोबाईलवर फिरवला होता: पोरं पळवणाऱ्या बाया, परडीत गुंगीचं औषध असतं.

भर दुपारी गंगम्माच्या दारापुढं त्यांना गाठलं. पन्नास-साठ माणसं. महेश्वरीनं आधार कार्ड काढलं, ते कुणीतरी फाडलं. तिच्या पोटात लाथ बसली. दैवशालाचे केस धरून तिला धुळीत ओढलं. ती म्हणत होती, "ऐका, माझंच पोर…" आणि तोंडावर बुक्की. तसंच अर्धं वाक्य, तसंच मधेच तोंड बंद करणं. फक्त या वेळी तोंड दैवशालाचं होतं.

एक सव्वीस-सत्तावीस वर्षांचा गडी पुढं आला, हातात बाभळीची काठी. दैवशालानं मला दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. काठी आली ती माझ्यातून आरपार, मग तिच्या मनगटावर, मग कपाळावर. माझ्या कामट्या तिच्या केसांत रुतल्या. काठी पुन्हा वर गेली.

तेवढ्यात बंद दाराची कडी निघाली.

पांढऱ्या केसांची एक बाई धावत येऊन दैवशालाच्या अंगावर आडवी पडली. "मारू नगा! ह्या चोरट्या न्हाईत. पोर चोरलं ते म्या!" मग मान वर करून त्या गड्याला म्हणाली, "शिवलिंगा, जिला मारतुयास, तिचंच पोर हायस तू."

ती दाराआडच राहिली असती, तर दोघी तिथंच संपल्या असत्या आणि तिला कधी कुणी काही विचारलं नसतं. हे तिला माहीत होतं. म्हणून मी गंगम्माला नुसती चोर म्हणत नाही.

बाकी तिनं पोलिसांपुढं सांगितलं. तिची मुलगी त्याच साली तापानं गेली होती. जत्रेत दोन वेण्यांचं रडणारं लेकरू दिसलं, देवीनं परत दिलं म्हणून उचललं. पहिल्या आंघोळीला कळलं, मुलगा आहे. नवऱ्यानं तिला पट्ट्यानं फोडलं, पोराला स्टँडवर सोडून ये म्हणाला. तिनं सोडलं नाही. मग मरेस्तोवर तो दोघांनाही मारत राहिला. शिवलिंग मार खातच मोठा झाला.

दैवशालाचं मनगट मोडलं, कपाळाला अकरा टाके. महेश्वरी बरी आहे, बरगडी दुखते म्हणून हसत नाही एवढंच. रक्ताचे नमुने नेलेत. कायद्याचं जे व्हायचं ते होईल.

तिसऱ्या दिवशी उमरग्याच्या दवाखान्यात शिवलिंग आला. खाटेपासून चार हात लांब उभा राहिला. मी उशाशी होते, फुटलेली.

"तुमच्या कपाळावरचं…" तो म्हणाला. "ते मी मारलं व्हय?"

दैवशालानं त्याच्याकडं मन भरून पाहिलं. बावीस वर्षांचं पाहणं होतं ते.

"न्हाय, बाळा. तू न्हाय. दुसरा कुणीतरी हुता."

तो तिथंच खाली बसला, दोन्ही हातांत डोकं धरून. उठला तेव्हा म्हणाला, "परत यीन." आई म्हणाला नाही.

तो गेल्यावर महेश्वरी म्हणाली, "अक्का, देवीची परडी उशाला ठिवून खोटं बोललीस."

"व्हय," दैवशाला म्हणाली. "आईला सांगितलंय, तिनं बी पदरात घेतलंय."

काठी कुणाची होती, ते माझ्या फुटलेल्या अंगाला पक्कं ठाऊक आहे. मीही ते पदरात घेतलं. शुक्रवारी मला तेरणा नदीत सोडतील, माझ्याबरोबर ते पाण्यात जाईल; तुम्हीही ते पोटातच ठेवा. सोडायला येतो, असा शिवलिंगनं निरोप धाडलाय. दैवशालानं महेश्वरीला पुऱ्यांच्या पिठात मोहन घालून ठेवायला सांगितलंय; त्याला काय आवडतं ते ठाऊक नाही, म्हणून तिखट-गोड दोन्ही करायला लावणार आहे.

येते, बायांनो. हात उठायचाच असेल तर उठू दे, पण समोरच्याचं वाक्य पुरं होईस्तोवर तो वरच धरा. उदो उदो.