कडू कंदाचे काप

काप सहा मिलिमीटर जाडीचा होता. फूटपट्टीवर दोनदा ठेवून मी आकडा वहीत लिहिला. पांढरट पिवळा, कडेला किंचित चिकट. रानातल्या कडू कंदात विष असतं. वाडीतली माणसं ते पाण्यानं काढतात आणि मग कंद खातात.

१९७४ साली, रसायनशास्त्राची पदवी घेऊन, मी ठाकुरवाडीच्या वरच्या या कातकरी वाडीत मास्तरीण होते. पुस्तकात विरघळण्याचा धडा साखर-मिठाचा होता. साखर इथं कुणाच्या घरात नसे. म्हणून मी कंद निवडला. तीन दिवस काप बादलीत भिजवले, रोज पाणी बदललं, सकाळी उकडले.

धडा आजच घ्यायला कारण होतं. दुपारी वीटभट्टीचा ट्रक पायथ्याशी येणार होता. चौथीतली चिमा त्यातून सहा महिन्यांसाठी खालापूरकडे विटा थापायला गेली असती. तिची बहीण गोदा अशीच गेली, पुन्हा शाळेत आली नाही. आठ दिवस मी रोज तिच्या आईला, येसूबाईला, विचारत होते, चिमाला मागं ठेवाल का? ती ऐकून घेई आणि चूल फुंकत राही.

आता ती गाठोडं घेऊन दारात उभी होती.

"धडा संपेपर्यंत थांबा," मी म्हटलं.

"ट्रक थांबंल का, बाई?"

मी अठरा मुलांच्या पानांवर दोन-दोन काप वाढले. चिमानं आपला काप हुंगला.

"बाई, म्या काल सांगितलं हुतं. बादलीत नाय जात. व्हाळात, व्हात्या पान्यात ठेवायचा."

"पाणी तेच असतं, चिमा."

तेवढ्यात तिच्या शेजारच्या जयानं काप तोंडात घातला. चिमानं तिचा जबडा धरला. "थुक. थुक गं आधी."

जया थुंकली आणि जीभ बाहेर काढून रडायला लागली. मी एका कापाचा कोपरा तोडून जिभेवर ठेवला. चार सेकंदांत घसा जळायला लागला.

"कुणी खायचं नाही. पानं खाली ठेवा."

मी काप गोळा करून मोजले. पस्तीस. छत्तिसावा जयानं थुंकलेला. येसूबाई तिला चुळा भरायला लावत होती.

"पोरं मारता का, बाई?"

"चुकलं माझं. चिमानं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

येसूबाईनं एक काप उचलला. "ह्यो काप हाय का वीट? पानावानी पातळ पायजे. राख चोळायची. बांबूच्या पाटीत घालून व्हाळात, एक रात, एक दीस. मंग आमची म्हातारी, चिमीची आजी, जिभंला लावून बघती."

मी ते फळ्यावर लिहीत गेले. "पातळ का?" मुलांना विचारलं.

"जाड असला तर आतलं इख आतच ऱ्हातं," चिमा म्हणाली. "पानी तितवर पोचत नाय."

"आणि बादलीत?"

"त्या पान्यात इख भरतं. मंग ते आनखी घेत नाय. व्हाळाचं पानी नवं नवं येतं."

हेच मी कॉलेजात दोन वर्षं शिकले होते.

"राख कशाला?"

चिमानं आईकडं पाहिलं. येसूबाईनं नकारार्थी मान हलवली. "आमची आजी चोळायची."

"मलाही नीट माहीत नाही," मी म्हटलं. "करून बघावं लागेल. राखेचा एक, बिनराखेचा एक."

खालून हॉर्न वाजला. कुणी हललं नाही.

"त्ये काय लिवलंय?" येसूबाईनं विचारलं.

चिमानं फळा वाचला, अडखळत, बोट फिरवत. येसूबाई कान देऊन ऐकत होती.

"मोटा कंद आसंल तर दोन राती. त्ये ऱ्हायलं."

मी ते लिहिलं. हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. पायवाटेवरून येसूबाईच्या नवऱ्याची, धर्माजीची, हाक आली, "आगं, येतीस का न्हाय?"

येसूबाईनं गाठोडं सोडलं. चिमाची गोधडी काढून बाकावर ठेवली, पुन्हा गाठ मारली. मग अंगणाच्या कडेला जाऊन ती खाली ओरडली,

"चिमी येत नाय वो. ती म्हातारीपाशी ऱ्हाईल. साळंत जाईल."