उतरवू का?

“हात हाय या मानसाला,” बाबा म्हणाले आणि माझा घास हातातच राहिला.

हा माणूस म्हणजे आमच्या पनवेलच्या सोसायटीतले, तळमजल्यावरचे परेश गुप्ते. बँकेतून लवकर निवृत्त झालेले, बोटात कधी साधं कुसळही गेलं नसेल असे. स्वतःची गाडी रस्त्यावर उन्हात लावून ते पार्किंगमध्ये बारा फुटांची शिडाची होडी बांधत होते. नकाशे इंटरनेटवरून मागवलेले. मरीन प्लाय कापायचा, तुकड्यांना भोकं पाडून तांब्याच्या तारेनं टाके घालायचे आणि सांध्यांत इपॉक्सी, म्हणजे वाळून दगड होणारा गोंद, भरायची. पहिल्याच दिवशी मी माझ्या बायकोला, दिपाला म्हणालो होतो, “यो सुतार हाय का शिंपी?” दिपा खूप हसली. बाबा हसले नाहीत. खुर्ची घेऊन खाली जाऊन बसले.

बाबा म्हणजे मोरा बंदरावरचे होड्या बांधणारे सुतार, कान्हा कोळी. तिथल्या अर्ध्या होड्या त्यांनी बांधलेल्या, सगळ्या सागाच्या. पुढे फायबरच्या होड्या आल्या, बाबांचं काम बंद पडलं, आई गेली आणि ते माझ्याकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. जन्मभर ठोकठोक ऐकून कान गेले होते, गुडघेही गेले होते. लिफ्ट नाही, म्हणून जिना चढताना माझा खांदा धरायचे. आमच्यात जवळीक म्हणावी अशी तेवढीच.

मी जासईला कंटेनर यार्डात कामाला आहे. कंटेनरचा तळ प्लायचा असतो. कुजला की कापून नवा बसवायचा, हे माझं काम. बावीस वर्षं झाली. पाहुण्यांनी विचारलं की बाबा सांगायचे, “पोरगा पुठ्ठं कापतो.” पाहुणे हसायचे, मीही हसायचो. आणि तोच पुठ्ठा गुप्त्यांनी कापला तर त्यांना हात आहे, कसब आहे!

मला हेवा वाटला. सरळच सांगतो. अठराव्या वर्षापर्यंत मी बाबांच्या हाताखाली फळ्या तासल्या. “चांगलं केलंस” हे दोन शब्द त्यांनी मला कधी दिले नाहीत.

रोज संध्याकाळी ड्युटीवरून आलो की बाबा होडीपाशी बसलेले दिसायचे. गुप्ते विचारायचे, “काका, हा बाक नीट आलाय का हो?” बाबा तळहात फिरवायचे, मान डोलवायचे. मग दोघांचा चहा. मी जिन्यापाशी उभा, बाबा कधी उठतात याची वाट बघत.

एकदा असाच उभा असताना मी सवयीनं प्लायवर बोटाची पेरं वाजवली. होडी पालथी घातलेली होती. ठक, ठक, आणि पुढच्या बाजूला, नाळेजवळ, एकदम ढब. तळहाताएवढी जागा आतून पोकळ होती. प्लायचे थर आत जुळलेले नव्हते. वरून बघून हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही, पण मला कळतं. यार्डात अशाच एका जागी फोर्कलिफ्टचं चाक आत गेलं होतं. ही होडी खाडीत एखाद्या खडकाला घासली असती, तर तिथेच फुटली असती.

“काय नीलेश, कशी वाटतेय?” गुप्त्यांनी विचारलं.

मी बाबांकडे पाहिलं. ते होडीकडे पाहत होते.

“छान,” मी म्हणालो आणि वर निघून गेलो.

त्यानंतर तळाला काचेच्या धाग्यांचं कापड चढलं, इपॉक्सीचे तीन हात झाले, निळा रंग लागला. रोज येताना मी त्या जागेला हात लावायचो आणि ठरवायचो, उद्या सांगू. खरं म्हणजे मला सांगायचंच नव्हतं. होडी फुटली आहे, गुप्ते कमरेएवढ्या पाण्यात उभे आहेत आणि बाबा म्हणताहेत, “शेवटी पुठ्ठंच ते,” हे चित्र मी किती वेळा रंगवलं असेल! आणि रंगवताना बरं वाटायचं, हेही कबूल करतो.

रविवारी फाटकापाशी टेम्पो येऊन उभा राहिला. होडी आता सुलटी, स्टँडवर. सगळी सोसायटी खाली जमली होती. बाबांनी ठेवणीतला सदरा घातला होता, कारण पहिल्यांदा होडीत काकांनीच बसायचं, असं गुप्त्यांनी जाहीर केलं होतं. हे मी तिथे उभा असताना ऐकलं. बाबांना पोहता यायचं, पण ते पंचवीस वर्षांपूर्वी.

मोऱ्याला एक रीत आहे. होडी पाण्यात घालण्याआधी मालक नारळ हातात घेऊन सुताराला विचारतो, “उतरवू का?” सुतार “उतरव” म्हणाला तरच नारळ फुटतो. ही रीत बाबांनीच गुप्त्यांना सांगितली होती. गुप्त्यांनी नारळ घेतला आणि बाबांच्या कानाशी जाऊन विचारलं, “काका, उतरवू का?”

“मना नको इचारू,” बाबा म्हणाले. “मी सागाचा सुतार. प्लायमदला जानकार यो माजा पोरगा. बावीस वर्सं त्येच करतंय. रोज येताना हात लावून जायचा, मी बगत व्हतो. खोट असती तर बोलला असता.”

गुप्ते माझ्याकडे वळले. “नीलेश, उतरवू का?”

ज्यासाठी जन्म घालवला ते बाबा चारचौघांत बोलले होते. “उतरव” एवढा एकच शब्द उच्चारला असता तर ते माझंच राहिलं असतं.

“नको,” मी म्हणालो.

“काय बोलला?” बाबांना ऐकू आलं नव्हतं. मग मला ओरडावं लागलं. “तल पोकल हाय, बाबा!” सगळ्या सोसायटीनं ऐकलं. मी त्यांचा तळहात होडीत, त्या जागेवर ठेवला आणि खालून वाजवलं. बाजूला वाजवलं, पुन्हा तिथे वाजवलं. हाताला त्यांना कळलं.

“कवा समजला तुला?”

“रंगाच्या आदी. कापडाच्या बी आदी.”

गुप्त्यांनी चष्मा काढून पुसला. “अरे, मग त्याच वेळी…” एवढंच म्हणाले आणि टेम्पो परत पाठवला.

मी वरून माझी करवत आणली. होडी पालथी करून तेवढा भाग कापला. आत थरांमध्ये करवतीचं पातं जाईल एवढी फट होती. गुप्ते शेजारी बसून पॉलिश पेपर देत राहिले, एकदाही वाकडं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. बाबा नारळ मांडीवर घेऊन दिवसभर माझे हात बघत होते. कधी नव्हे ते.

संध्याकाळपर्यंत नवा तुकडा बसला. बाबांनी सांध्यावरून नख फिरवलं. नख कुठे अडकलं नाही.

“हात हाय तुला,” ते म्हणाले.

मग नारळ गुप्त्यांना देऊन ते जिन्याकडे निघाले. मी नेहमीसारखा पुढे होऊन खांदा खाली केला. बाबांनी कठडा धरला. तिन्ही मजले ते थांबत थांबत कठडा धरून चढले, आणि मी त्यांच्या मागे एकेक पायरी थांबत राहिलो.