अडकलेल्या स्क्रूखाली

बाबांच्या मांडीच्या मोडलेल्या हाडाला बसवलेली पट्टी आत्यानं लिंबू लावून घासली होती. दवाखान्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत आली तेव्हा ती वीतभर स्टीलची पट्टी काळपट, चिकट होती. आता ती चमच्यासारखी चकाकत होती.

"आत्या, हात लावू नकोस म्हटलं होतं ना!"

"माझ्या भावाच्या अंगातली वस्तू. तशीच बरबटलेली ठेवू? खड्ड्यात गेलं तुझं शिक्षण."

मुलीनं पट्टी तिच्या हातातून काढून घेतली. गंजावर पीएच.डी. करणारीच्या घरातच नमुना घासला गेला होता. धातू कशानं झिजला ते वरच्या घाणीवरूनच कळतं, ती पुसू नका, असं ती प्रयोगशाळेतल्या नव्या पोरांना दटावत असे. "तोंडाला लोखंडाची चव येते गं," असं बाबा कितीदा तरी म्हणाले होते. सर्जननं हसून ते वयावर ढकललं. शेवटच्या ऑपरेशनात पट्टी निघाली, पण बाबा काही उठले नाहीत. ती चव खरी होती का, पट्टी आत झिजत होती का, एवढंच तिला हवं होतं.

एक आशा होती. एक स्क्रू पट्टीत असा अडकला होता की सर्जननं तो पट्टीसकटच काढला होता. त्याच्या डोक्याखाली लिंबू पोचलं नसणार. अशा फटीत ऑक्सिजन संपतो, क्षार साचतात, आम्ल तयार होतं आणि वरून लखलखणारं स्टील आतून खाल्लं जातं. प्रयोगशाळेत मिठाच्या पाण्यात ती वर्षानुवर्षं हेच बघत होती.

तिच्या पीएच.डी.च्या सरांनी केबिनमध्ये डबा खाता खाताच पट्टी घेतली. बोटांना तेल होतं. त्यांनी पकडीनं स्क्रू पिळला. तो करकरत निघाला. खाली काळा लगदा होता, त्याला शिळ्या रक्तासारखा वास.

सर मायक्रोस्कोपवर वाकले आणि चेकाळले. "अगं, काय देखणा खड्डा आहे! ये, बघ तरी!"

तिनं पाहिलं. तोंड अरुंद, पोट मोठं. बाबा खरं सांगत होते. आणि क्षणभर तिलाही तो खड्डा देखणाच वाटला. मग किळस आली ती सरांची नव्हे, स्वतःचीच.

"उद्या मधोमध कापू," सर बोटं चाटत म्हणाले. "शरीरातली पट्टी मिळते कुणाला? नशीब काढलंस. रिसर्च पेपरात वडिलांचे आभार मानू की!"

पट्टी उचलून ती बेसिनशी गेली. कप धुवायचा ब्रश घेतला, साबण घेतला आणि घासायला लागली.

"अगं, डोकं फिरलंय का? नमुना मातीत घातलास!"

"माझं पाहून झालं, सर."

खड्ड्याच्या तोंडाशी साचलेलं काळं निघेना, तेव्हा तिनं ते नखानं कोरून काढलं.

घरी आत्यानं पट्टी उजेडात धरली. "हं. आता कशी बघवते."

मुलगी हात धुऊन जेवायला बसली. पहिला घास तोंडाशी नेला तर बोटांना तोच वास. घास तसाच ताटात ठेवून ती पुन्हा हात धुवायला उठली.