राहून गेलेली मानाची फेरी

मित्रांनो, मला पाहून लोक आधी "वा!" म्हणतात आणि मग हळूच विचारतात, "अजून चालते का हो?" या दुसऱ्या प्रश्नाचा मला फार राग येतो. मी शर्यतीची गाडी आहे. जुनी आहे, हे खरे. पण म्हातारी झाली म्हणून शर्यतीची गाडी काही कपाट होत नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवायचे आणि लाकडी हातोडीने ठोकून ठोकून त्याला बाक आणायचे. माझे बॉनेट ज्या कारागिराने ठोकले, तो भलताच गप्पिष्ट होता. इंजिनाला हवा मिळावी म्हणून बॉनेटच्या दोन्ही बाजूंना फटी पाडतात. बोलण्याच्या नादात त्याने डावीकडे एक फट जास्त पाडली. मालकाने कपाळाला हात लावला, पण एवढा मोठा पत्रा वाया कोण घालवणार? त्यावरच लिंबासारखा पिवळा रंग चढला. दोन माणसे कशीबशी बसतील एवढी जागा, डोक्यावर छप्पर नाही आणि आवाज मात्र सगळ्या गल्लीला जागे करणारा, अशी मी तयार झाले.

मला आप्पांनी घेतले. त्यांचा छापखाना होता. त्यांच्या बोटांची शाई कधी जायची नाही, आणि माझ्या स्टिअरिंगच्या चामड्यावर ती अजूनही आहे. आठवडाभर ते छापखान्याचे आणि सुट्टीच्या दिवशी माझे. गावाबाहेरच्या शर्यतीच्या मैदानावर आम्ही दोघे मनसोक्त पळायचो. बहुतेक वेळा हरायचो, पण आप्पा घरी येताना गाणे म्हणत यायचे.

एकदा मात्र आमचा दुसरा नंबर आला. मित्रांनो, शर्यत संपली की पहिल्या तिघांना मैदानाला एक सावकाश फेरी मारायला मिळते. लोक टाळ्या वाजवतात, चालक हात हलवतो. तिला मानाची फेरी म्हणतात. त्या फेरीत लांबच्या वळणापाशी छापखान्यातली माणसे कुंपणावर चढून टोप्या उडवत होती. आप्पांना इतका आनंद झाला, की त्यांनी दोन्ही हात वर केले. मी सरळ भिंतीवर गेले.

आप्पांच्या खांद्याचे हाड मोडले आणि माझे तोंड पार चेपले. विमा कंपनीचा माणूस आला. त्याने अदबीने विचारले, "हे कुठे झालं?" आप्पांनी मैदानाचे नाव सांगितले. "तुमचा विमा रस्त्यासाठी होता," तो म्हणाला, "मैदानासाठी नव्हता." आप्पा भांडले नाहीत. आपण कधी विचारलेच नव्हते, हे त्यांना पटले होते. घरी त्यांनी विम्याचे सांगितले, पण अपघाताबद्दल "शर्यतीत लागली" एवढेच. शर्यत सुखरूप पार पाडून हात हलवताना आपटलो, हे सांगायची त्यांना लाज वाटली. छापखान्यातल्या माणसांनीही तोंडातून ब्र काढला नाही. त्यामुळे खरी गोष्ट आता फक्त मला ठाऊक आहे, आणि आज तुम्हाला.

मला घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवले. पुढे आप्पा गेले. माझ्या बॉनेटवर आधी जुने पंखे आले, मग पोती आली. मागच्या बाजूला मांजरीने संसार थाटला. रोज भेटायला येणारे एकच माणूस होते, आप्पांची मुलगी. ती ताडपत्रीखाली शिरायची, माझ्या फाटक्या सीटवर बसायची आणि तोंडाने "घुर्रर्र" करत आख्खी दुपार गाडी चालवायची. त्या दुपारी मी एक तसूभरही हलत नसे, पण फार लांब जाऊन येत असे.

ती मुलगी मोठी झाली. तिने बेकरी काढली. आता सगळी गल्ली तिला आत्या म्हणते, म्हणून मीही म्हणते. आत्या पाव भाजायची आणि संध्याकाळी माझ्यापाशी येऊन बसायची. एकेक भाग शोधून आणायची, घासायची, बसवायची. माझे चेपलेले तोंड पुन्हा वर आले, तेव्हा तिने आरशासमोर माणूस उभा राहतो तशी माझ्यासमोर उभी राहून मला न्याहाळले आणि खुशाल रडून घेतले. माझ्या अंगावर तिच्या पिठाळ हातांचे ठसे उमटले होते.

मग माझे दिवस फिरले. प्रदर्शनात मला मधोमध जागा मिळू लागली. ती जास्तीची फट म्हणजे माझा दागिना ठरली, कारण तशी दुसरी गाडीच नव्हती. भोवती दोरी आणि समोर पाटी, "हात लावू नये." आत्याने माझा विमा उतरवायचे ठरवले, तेव्हा टॉर्चवाले साहेब आले. हे विमा कंपनीचे तपासनीस. भर उन्हातही टॉर्च लावल्याशिवाय त्यांना काही दिसत नाही. त्यांनी वाकून, झोपून, जिभेचे टोक बाहेर काढून मला तपासले.

"मॅडम, ही संग्रहातली वस्तू म्हणून विमा होईल," ते म्हणाले. "प्रदर्शनात, मिरवणुकीत, रविवारच्या फेरफटक्यात काही झालं तर आम्ही आहोत. ट्रकवर चढवताना, हातांनी ढकलत नेताना, तेव्हाही आहोत. पण शर्यत नाही. मैदानावर इंजिन सुरू झालं की आमचा विमा संपला."

वस्तू! माझे टायर रागाने फुगले. आणि ढकलत नेताना? मला कोण ढकलणार? त्या कलमाला मी मनातल्या मनात खूप हसले.

पुढची काही वर्षे मी शोकेसमधल्या कपासारखी काढली. पुसायचे, ठेवायचे, पुन्हा पुसायचे. कौतुक रग्गड होते, पण कौतुकाने चाके फिरत नाहीत. आणि एक दिवस बातमी आली. आप्पांच्याच मैदानावर जुन्या गाड्यांची शर्यत होणार होती.

आत्याचा धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर आहे. दवाखान्यात भलेभले त्याच्यासमोर तोंड उघडून बसतात, पण घरात तो अजून छोटूच. तो तावातावाने शेडमध्ये आला.

"ताई, तुझं वय काय, गाडीचं वय काय!"

"दोन्ही मिळवू नकोस म्हणजे झालं."

"चेष्टा नको. आप्पांचं काय झालं ते विसरलीस? गाडी पुन्हा फुटली तर तुला परत उभी करायला जमणार आहे का?"

आत्याने माझ्या बॉनेटवरून हात फिरवला. मला पुन्हा उभी करण्यात तिची अर्धी हयात गेली होती. दुसरी अर्धी कुठून आणणार?

"नाही जमणार," ती म्हणाली. "म्हणून तर आधी विचारणार आहे. आप्पांनी विचारलं नव्हतं."

टॉर्चवाले साहेब पुन्हा आले. या वेळी आत्याने प्रश्नांचा भडिमार केला आणि त्यांनी एकेक उत्तर दिले. शर्यतीचा वेगळा विमा मिळतो, पण फक्त शर्यतीपुरता. सुरुवातीचा झेंडा खाली आला की सुरू, शेवटचा चौकड्यांचा झेंडा ओलांडला की बंद. गाडी आपटली तर भरपाई मिळेल, मात्र नुकसानीचा पहिला वाटा मालकिणीने सोसायचा. इंजिन आपले आपण बिघडले तर काही मिळणार नाही. चालकाला लागले तर त्याचा विमा निराळा. शिवाय चालकाला सीटशी बांधणारे नवे पट्टे हवेत, आग विझवायचे नळकांडे हवे, चांगले हेल्मेट हवे.

"आणि मला भीती वाटली तर?" आत्याने विचारले.

"त्याचा विमा नाही, मॅडम," साहेब गंभीरपणे म्हणाले. "पण ती असलेली बरी."

आत्याने नव्या भट्टीचा विचार पुढे ढकलला आणि सगळे केले. छोटूने कुरकुर करत स्वतःच्या हातांनी पट्टे आवळून पाहिले, अगदी दाढ पाहावी तसे.

शर्यतीचा दिवस! मित्रांनो, काय सांगू! झेंडा खाली आला आणि माझ्या पोटातून तो जुना आवाज निघाला. वारा माझ्या सगळ्या फटींतून, अगदी त्या जास्तीच्या फटीतूनही शीळ घालत गेला. आत्या हेल्मेटच्या आत मोठमोठ्याने "घुर्रर्र" करत होती. ते फक्त मला ऐकू येत होते. आम्ही एका निळ्या गाडीला मागे टाकले, मग एका लांबनाकीला. लांबच्या वळणावर आमच्या पुढची चंदेरी गाडी डोलू लागली. शेजारी घुसायला जागा होती. आत्याने घुसण्याऐवजी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. पुढच्याच क्षणी चंदेरी गाडी गर्रकन फिरून गवताच्या गासड्यांत जाऊन बसली. तिचा चालक हसत बाहेर आला आणि आम्ही त्याच्या बाजूने अलगद निघून गेलो. चौकड्यांचा झेंडा हलला, तेव्हा आम्ही तिसऱ्या होतो.

आत्या ओरडली, छोटू कुंपणावरून उडी मारून आला आणि रडायलाच लागला. तेवढ्यात झेंडेवाल्या काकांनी हात केला. "चला, पहिले तिघे! मानाची फेरी!"

माझ्या पत्र्यावर काटा आला. आत्याने सगळे विचारले होते, पण हे विचारायचे राहिले होते. भाजलेला पाव भट्टीबाहेर आला की काम झाले, अशी तिची सवय. शर्यत संपली म्हणजे धोका संपला, असेच तिने धरले होते. तिने एक हात वर केला. तोच तो आप्पांचा हात. मला बोलता येत असते तर मी ओरडले असते. मी फक्त खोकले आणि धूर काढला. लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या.

इतक्यात भर उन्हात टॉर्च हलवत एक माणूस धावत आला. "थांबा, आत्या, थांबा!" टॉर्चवाले साहेब पहिल्यांदाच तिला आत्या म्हणत होते. "झेंडा ओलांडलात! आता विमा नाही!"

"एवढीशी तर फेरी," झेंडेवाले काका म्हणाले. "हळूच जाऊन या. काय होतंय?"

आत्याने लांबच्या वळणाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केले. तिचा चेहरा पार उतरला. साहेबांनाही वाईट वाटले. ते डोके खाजवत उभे राहिले आणि एकदम त्यांचे डोळे चमकले.

"इंजिन बंद आहे ना? मग ही आता शर्यतीची गाडी नाही. संग्रहातली वस्तू आहे. आणि वस्तू ढकलत नेताना आमचा विमा आहे!"

मित्रांनो, त्या दिवशी वस्तू म्हणवून घेताना मला जेवढा आनंद झाला, तेवढा कधीच झाला नाही. साहेबांनी कोट काढला आणि माझ्या पाठीला खांदा लावला. झेंडेवाले काका आले, चंदेरी गाडीचा चालक आला, बेकरीची निम्मी गिऱ्हाइके कुंपण ओलांडून आली. छोटू शेजारून चालत माझे स्टिअरिंग धरून होता. मी सावकाश निघाले, ढकलणाऱ्यांची धाप आणि हसू ऐकत. लांबचे वळण आले. छोटूने स्टिअरिंग घट्ट धरले. आत्या सीटवर उभी राहिली आणि तिने दोन्ही हात वर केले. भिंत आमच्या बाजूने हळूच मागे गेली. आप्पांची राहून गेलेली फेरी पूर्ण झाली, आणि हे तिथे फक्त मला कळले.

म्हणून सांगते, मित्रांनो, आवडती गाडी जपायची म्हणून तिला झाकून ठेवू नका. तिला पळू द्या. पण पळवण्याआधी विचारा, आणि जिंकल्यानंतरही विचारा. आणि कधी दोन्ही हात वर करावेसे वाटले, तर आधी शेजारच्याला म्हणा, "जरा स्टिअरिंग धर रे."